रात्रीच्या विजांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोहिणी नक्षत्र लागतं, दुपारभर घामाच्या धारा लागतात आणि संध्याकाळी पूर्वेला ढग उभा राहायला लागतो. त्या सुमारास हे प्रश्न दरवर्षी नव्याने विचारले जातात. इथली उत्तरं मुख्यतः पुणे, सातारा, सोलापूर या पट्ट्यातल्या वळवाच्या आणि परतीच्या पावसाला धरून आहेत. मुंबई, कोकण आणि गोव्यात जिथे गोष्ट वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

विजेचा चांगला फोटो काढायला वादळाच्या किती जवळ जावं लागतं?

जवळ जावंच लागत नाही. हा गैरसमज आधी काढून टाका, कारण पुढची सगळी उत्तरं यावर उभी आहेत. रात्रीच्या विजांचे उत्तम फोटो साधारण 20 ते 40 किलोमीटर अंतरावरून मिळतात, म्हणजे गडगडाट कानावर येतही नाही अशा ठिकाणाहून.

थोडा हिशोब करून बघा. वळवाच्या पावसाचा ढग तळापासून माथ्यापर्यंत सहज 12 ते 15 किलोमीटर उंच असतो. तो डोक्यावर असेल तर तुम्हाला फक्त त्याचं काळं पोट दिसतं, आणि तेही पावसाच्या पडद्याआडून. तोच ढग 30 किलोमीटरवर असेल तर तो क्षितिजापासून सुमारे 25 अंश वर येतो. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 50 मिलिमीटरची लेन्स आडवी धरली की तिच्या चौकटीत उभ्या दिशेने 27 अंश मावतात. म्हणजे पायाशी पावसाचे खांब, मधे विजेने आतून उजळलेला गाभा आणि वर ऐरणीसारखा पसरलेला माथा, असा अख्खा ढग एका फोटोत येतो. त्याहून लहान, एपीएस-सी सेन्सरचा साधा कॅमेरा असेल तर किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर मिळणारी) 35 मिलिमीटरवर ठेवा, काम होतं.

लांबून लेन्सवर थेंब पडत नाहीत, वाऱ्याने ट्रायपॉड हलत नाही आणि तुमचा जीव धोक्यात जात नाही. ढग जवळ येऊ लागला की फोटोही बिघडत जातो, आणि म्हणून आवरतं घेणं अजिबात जड जात नाही.

महाराष्ट्रात विजांचा हंगाम कोणता?

दोन हंगाम आहेत. पहिला एप्रिलपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत. दुसरा सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, मोसमी वारे परतू लागतात तेव्हा. हस्ताचा पाऊस गडगडत येतो हे आपल्याकडे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

फोटोसाठी मला दुसरा हंगाम जास्त आवडतो. एप्रिल-मेमध्ये हवेत इतकी धूळ असते की 30 किलोमीटरवरची वीज तांबूस आणि पुसट दिसते. ऑक्टोबरात चार महिन्यांच्या पावसाने हवा धुतलेली असते, जमीन हिरवी असते, तळी भरलेली असतात. मेमधल्या वादळांचा जोर मात्र औरच असतो. दिवसभर तापलेली जमीन आणि वर थंड हवा, असा योग जुळला की तासाभरात मोकळ्या आकाशात ढगाचा डोंगर उभा राहतो.

मुंबई-कोकणात जुलैमध्ये एवढा पाऊस कोसळतो, मग तेव्हा विजा का दिसत नाहीत?

ढगात वीज तयार व्हायला बर्फ लागतो. जमिनीपासून सुमारे 5 किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली जातं. तिथे जोरदार ऊर्ध्वगामी वाऱ्यात बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ गारांचे जड कण एकमेकांवर आपटतात. त्यात विद्युतभाराची देवाणघेवाण होते. हलके स्फटिक धनभार घेऊन वर जातात, जड कण ऋणभार घेऊन मधल्या थरात राहतात. हा फरक वाढत गेला की वीज पडते.

जुलै-ऑगस्टमध्ये कोकण किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पाऊस देणारे बरेचसे ढग तुलनेने ठेंगणे असतात आणि त्यांच्यातले वरच्या दिशेचे वारे सौम्य असतात. पाणी भरपूर, पण बर्फाची टक्कर कमी. त्या महिन्यांत दिवसच्या दिवस पाऊस पडतो आणि एकदाही कडकडाट होत नाही तो यामुळे. कॅमेरा तेव्हा कपाटात राहू द्या.

आज संध्याकाळी विजा होतील का, हे कसं ओळखायचं?

दुपारी एक-दोनच्या सुमारास आकाश बघायला सुरुवात करा. फुलकोबीसारखे कडक कडांचे ढग उंच उंच चढत असतील तर शक्यता चांगली. त्यांचा माथा कडा सोडून केसांसारखा विसविशीत, पसरट झाला, की तिथे बर्फ तयार झाला आणि ढग विजेचा झाला असं समजा.

त्यानंतर फोनवर दोन गोष्टी उघडा. पहिली, भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावरची डॉप्लर रडारची चित्रं. मुंबई, नागपूर, गोवा इथली रडार आपल्या उपयोगाची. लाल रंगाचे, म्हणजे जोरदार पावसाचे, ठिपके कुठे आहेत आणि मागच्या दोन-तीन चित्रांत ते कोणत्या दिशेला सरकले, एवढंच बघायचं. चित्रावरची वेळ बहुतेकदा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, तीत साडेपाच तास मिळवायला विसरू नका. नाहीतर दुपारचा ढग तुम्ही सकाळचा समजाल.

दुसरी गोष्ट म्हणजे दामिनी ॲप. हे पुण्याच्या आयआयटीएम या केंद्र सरकारच्या हवामान संशोधन संस्थेने तयार केलं आहे. तुमच्या भोवती 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळांत गेल्या काही मिनिटांत कुठे वीज पडली ते त्यात दिसतं. ते बनवलं आहे माणसं वाचवण्यासाठी, आणि फोटो काढणाऱ्यानेही ते त्याचसाठी वापरायचं आहे. माझा नियम सोपा आहे: विजा बाहेरच्या वर्तुळात किंवा त्याच्याही पलीकडे असतील तर कॅमेरा लावायचा, आतल्या वर्तुळात शिरल्या की आवरायचं.

जागा कशी निवडावी?

आधी दिशा ठरवा, मग जागा. पुण्यात वळवाचा पाऊस बऱ्याचदा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूचं क्षितिज मोकळं हवं. दिवे घाट चढून सासवडच्या पठारावर गेलात की जेजुरीच्या दिशेचं आकाश रुंद मिळतं आणि शहराचा उजेड पाठीमागे राहतो. भिगवणच्या बाजूला उजनीचा जलाशय ऑक्टोबरात भरलेला असतो. लांबच्या विजेचं प्रतिबिंब त्या पाण्यात सुंदर उतरतं. कोकणात आणि गोव्यात परतीच्या पावसात ढग दुपारी सह्याद्रीवर उभे राहतात आणि संध्याकाळनंतर पुष्कळदा समुद्राकडे सरकतात. म्हणून आधी पूर्वेकडे तोंड करून डोंगरावरच्या विजा टिपायच्या आणि ढग डोक्यावरून जात असताना घरात बसून राहायचं. ते समुद्रावर गेल्यावर पश्चिमेचं क्षितिज बघा. मुंबईकरांना हा शेवटचा टप्पा किनाऱ्याजवळच्या खिडकीतून छान मिळतो.

गाडी अगदी हाताशी उभी करता येईल अशीच जागा निवडा. रस्त्याच्या कडेला सुरक्षित मोकळी जागा हवी, वळणावर किंवा घाटाच्या कठड्याशी नको. धरणाच्या भिंतीवर आणि लष्करी हद्दीच्या आसपास फोटोला मनाई असते, ते आधी बघून घ्या.

आणि किल्ल्यांबद्दल स्पष्ट सांगतो: विजांच्या फोटोसाठी किल्ल्यावर जाऊ नका. बुरूज, माची, कडा ही आसपासची सगळ्यात उंच जागा असते आणि तिथून खाली यायला तास लागतो. 11 जुलै 2021 रोजी जयपूरजवळ आमेरच्या किल्ल्यासमोरच्या टेहळणी मनोऱ्यावर वीज पडली आणि पाऊस बघायला, सेल्फी काढायला गेलेल्यांपैकी 11 जण दगावले. आपल्या अनेक गडांवर रात्री थांबायला तशीही बंदी आहे. गड फोटोत हवा असेल तर तो लांबून, ढगाच्या पुढ्यात, काळ्या आकृतीसारखा घ्या. फोटो म्हणूनही तेच जास्त चांगलं दिसतं.

वीज चमकली की शटर दाबायचं का?

नाही. चमक दिसून बोट हलेपर्यंत वीज संपलेली असते. रात्री उलट करायचं: शटर आधीच उघडं ठेवायचं आणि विजेची वाट बघायची. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोडवर, एक्स्पोजर (शटर उघडं राहण्याचा वेळ) 10 ते 20 सेकंद, आणि एकामागून एक फोटो चालू. कंटिन्युअस मोड लावून केबल रिलीजचं (तारेने जोडलेलं) बटण खाली अडकवून ठेवा किंवा इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक वेळाने फोटो घेणारं साधन) वापरा. कॅमेरा आपोआप पुढचा फोटो घेत राहील.

मेनूमधलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करायला विसरू नका. ते चालू असेल तर 20 सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी 20 सेकंद आंधळा बसतो, आणि अर्ध्या विजा त्या वेळात निघून जातात.

ॲपर्चर, आयएसओ आणि शटर किती ठेवायचं?

सुरुवात म्हणून ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र; एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) एफ/8, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 200, शटर 15 सेकंद. पण हे आकडे पाठ करण्यापेक्षा ते कशासाठी आहेत ते समजून घ्या, म्हणजे कुठेही अडणार नाही.

वीज स्वतः एका सेकंदाच्या लहानशा भागात होऊन जाते. शटर 5 सेकंद उघडं असो की 30, विजेची रेघ तेवढीच उजळ येणार. तिचा उजेड फक्त ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात. शटरचा वेळ ठरवतो बाकीचं सगळं: गावातले दिवे, रस्त्यावरच्या गाड्या, ढगांची कडा, चंद्राचा उजेड. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या बसवायच्या. विजेची रेघ जाड, पांढरीफटक, तपशील गेलेली दिसली तर ॲपर्चर एफ/11 करा किंवा आयएसओ 100 वर आणा. रेघ केसासारखी बारीक आणि फिकी आली तर एफ/5.6 किंवा आयएसओ 400. खालचं शहर भडक झालं तर शटरचा वेळ कमी करा, काळोख वाटला तर वाढवा.

अंतराप्रमाणे बदल करावा लागतो. 35-40 किलोमीटरवरच्या विजेला एफ/4 किंवा एफ/5.6 लागेल, मेमधल्या धुळीत तर नक्कीच. घरातून किंवा गाडीतून काढताना वीज 15 किलोमीटरच्या आत असेल तर एफ/8 ते एफ/11. एफ/16 च्या पुढे जाऊ नका, चित्राचा कडकपणा कमी होतो. एकाच एक्स्पोजरमध्ये खूप विजा झाल्या तर आकाश पांढरं पडतं. अशा बोलक्या ढगासमोर 5 ते 8 सेकंद पुरतात.

रॉ फाइलमध्येच (सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या मूळ फाइलमध्ये) काढा. नुसत्या जेपेगमध्ये जळालेली रेघ परत आणता येत नाही.

लाइटनिंग ट्रिगर विकत घ्यावा का?

रात्रीसाठी नको. ट्रिगर हा चमक ओळखून कॅमेऱ्याला इशारा देणारा सेन्सर असतो. दिवसा किंवा तिन्हीसांजेला, लांब एक्स्पोजर शक्य नसतं तेव्हा तो खरोखर कामाचा आहे. पण त्याची एक मर्यादा विजेच्या घडणीतूनच येते.

एक वीज म्हणजे बहुतेकदा एक झोत नसतो. त्याच वाटेने तीन-चार झोत लागोपाठ जातात, म्हणून तर ती लुकलुकताना दिसते. ढगातून जमिनीकडे उतरणारी पहिली धार चाचपडत, टप्प्याटप्प्याने वाट काढते आणि तिला फांद्या फुटतात. नंतरचे झोत तयार झालेल्या मुख्य वाटेनेच येतात, फांद्यांकडे जात नाहीत. ट्रिगरने पहिला झोत पाहून शटर उघडेपर्यंत तो पहिला झोत गेलेला असतो. मग फोटोत येते ती नंतरच्या झोतांची उघडीबोडकी रेघ. रात्री शटर आधीपासून उघडं असलं की पहिल्या झोताच्या सगळ्या फांद्या मिळतात, तेही एक पैसा खर्च न करता.

अंधारात फोकस कुठे करायचा?

लांबच्या दिव्यावर. मोबाइल टॉवरचा लाल दिवा, डोंगरापलीकडचं एखादं गाव, पेट्रोल पंप, काहीही चालेल, एक-दोन किलोमीटरच्या पुढे असलं म्हणजे झालं. लाइव्ह व्ह्यूमध्ये तो दिवा दहापट मोठा करून बघा, रिंग फिरवून ठिपका सगळ्यात लहान करा आणि ऑटोफोकस बंद करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका; बऱ्याच लेन्सची रिंग त्या खुणेच्या पुढेही फिरते. शक्य असेल तर संधिप्रकाश असतानाच फोकस लावून रिंगवर चिकटपट्टी मारून ठेवा. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचं सावरणारी सोय) बंद.

चमक आणि आवाज यांवरून अंतर कसं काढतात?

चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि 3 ने भागा. आलं ते किलोमीटर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 30 सेकंद किंवा कमी, म्हणजे वीज 10 किलोमीटरच्या आत: सगळं सोडून आत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर 30 मिनिटं बाहेर येऊ नका.

पण मोजणी करायची वेळ यावी, इतकं थांबूच नका. गडगडाट साधारण 15 किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, शांत रात्री थोडा जास्त. आणि ढगाच्या माथ्यातून निघालेली वीज आडवी पसरत ढगापासून 10-15 किलोमीटरवर, वर चांदण्या दिसत असतानाही जमिनीवर पडू शकते. आवाज ऐकू आला म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. 2022 मध्ये देशात वीज पडून 2,887 माणसं गेली, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. त्यांतल्या कितीतरी जणांना शेतातली कामं सोडून पळता आलं नसेल. आपण तिथे स्वेच्छेने उभे असतो, म्हणून आपली जबाबदारी मोठी आहे.

ट्रायपॉड धातूचा असला की वीज ओढली जाते का? आणि मोबाइलमुळे?

मोबाइलमुळे नाही. धातू वीज खेचून आणतो हेही तसं खरं नाही. उंची, टोकदारपणा आणि आसपास दुसरं उंच काही नसणं हे जास्त महत्त्वाचं. पण उघड्या माळावर उभा ट्रायपॉड आणि त्याच्याशेजारी तुम्ही, हीच तिथली सर्वांत उंच वस्तू ठरते. कार्बन फायबरचा ट्रायपॉड घेतल्याने काही फरक पडत नाही, तोही वीज वाहून नेतो.

थेट अंगावर वीज पडणं हा एकच धोका नव्हे. जवळच्या झाडावर पडलेली वीज उडी मारून माणसावर येते, किंवा जमिनीतून पसरत दोन पायांमधून जाते. म्हणून झाड, पत्र्याची शेड, ताडपत्री, बसथांबा यांचा आसरा धरू नका. दुचाकी आणि रिक्षा यांचाही उपयोग नाही. पक्कं घर किंवा धातूच्या टपाची, काचा बंद केलेली चारचाकी, हे दोनच खरे आसरे. उकिडवं बसून पाय जुळवणं हा काहीच उपाय नसतानाचा शेवटचा प्रयत्न आहे. केस उभे राहू लागले, अंगाला मुंग्या आल्या, तर कॅमेरा तिथेच टाकून गाडीकडे पळा.

घरातून किंवा गाडीतून चांगले फोटो येतात का?

येतात, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर इथूनच सुरुवात करावी. गच्ची आणि बाल्कनी मात्र घराच्या आत धरू नका. गच्ची तर नकोच. ट्रायपॉड खोलीत, खिडकीपासून थोडा आत ठेवा, सगळे दिवे घालवा, राउटरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरही कापड टाका. काच बंद असेल तर लेन्स काचेच्या अगदी जवळ नेऊन भोवती काळं कापड गुंडाळा, म्हणजे खोलीचं प्रतिबिंब येणार नाही. ग्रिल आडवं येत असेल तर लेन्स दोन गजांच्या बरोबर मधे धरा, पण गजांना आणि खिडकीच्या धातूच्या चौकटीला हात लावू नका. चार्जर लावलेला कॅमेरा किंवा फोन हाताळायचा नाही.

गाडीत बीनबॅग किंवा तांदळाची छोटी पिशवी डॅशबोर्डवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवता येतो. इंजिन बंद, आतला दिवा बंद. गाडीत कोणी हललं तरी फोटो हलतो, तेव्हा सोबत्यांना आधीच सांगून ठेवा.

फोनने जमेल का?

जमेल. फोनमध्ये प्रो मोड असेल तर आयएसओ 50 ते 100, शटर 4 ते 10 सेकंद, फोकस अनंतावर, आणि फोन छोट्या ट्रायपॉडवर. नाइट मोड टाळा. तो अनेक छोटे फोटो काढून त्यांची सरासरी जुळवतो, त्यात विजेची रेघ फिकी पडते. व्हिडिओ काढून त्यातली फ्रेम उचलायची असेल तर वीज वरच्या अर्ध्या भागात लख्ख आणि खाली काळी असे पट्टे दिसू शकतात, कारण फोनचा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. अशा दोन लागोपाठच्या फ्रेम जोडून घेता येतात.

माझ्या फोटोत वीज जांभळी का येते?

मुख्यतः व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे पांढरा रंग कोणता धरायचा या कॅमेऱ्याच्या सेटिंगमुळे. विजेची वाट सुमारे 30,000 अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि तिचा मूळ उजेड निळसर पांढरा असतो, त्यात हवेतल्या नायट्रोजनची जांभळट छटा मिसळते. डेलाइटवर ठेवलं की ती छटा उठून दिसते. 4,000 केल्विनच्या आसपास आणलंत तर आकाश निळं आणि वीज पांढरी होते. रंग मुद्दाम वाढवून आकाश गुलाबी करायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. क्षितिजालगतची वीज केशरी दिसली तर तो रंग खरा असतो. वाटेतल्या धुळीने निळा प्रकाश विखुरून टाकलेला असतो.

फोटोतली वीज कोणत्या प्रकारची, हे कसं ओळखावं?

फांद्या बघा. फांद्या खालच्या दिशेला फुटत असतील तर वीज ढगातून जमिनीकडे आली. फांद्या वरच्या दिशेला पसरत असतील तर ती जमिनीवरून वर गेली. उंच मनोऱ्यावरून आणि टोलेजंग इमारतींच्या माथ्यावरून अशी उलटी वीज निघते, आणि मुंबईत अशा इमारती वाढत असल्याने तिकडच्यांनी डोळा ठेवावा. फांद्या नसलेली, अतिशय तेजस्वी, ढगाच्या वरच्या भागातून निघालेली एकच रेघ बऱ्याचदा धनभारित विजेची असते. ही वादळाच्या शेवटी जास्त दिसते आणि सगळ्यात धोकादायक. पाऊस ओसरल्यावर ढगाच्या पोटाखालून मुळांसारखी पसरत सावकाश सरपटणारी वीज सहसा जमिनीवर पडत नाही, पण फोटोसाठी तिच्याइतकं देखणं काही नाही. तिच्यासाठी रुंद लेन्स लावा.

कधी कधी एकच रेघ चार-पाच समांतर पट्ट्यांत, रिबिनीसारखी येते. कॅमेरा हललेला नसतो. लागोपाठचे झोत एकाच वाटेने जात असताना जोराच्या वाऱ्याने ती वाटच बाजूला सरकत जाते आणि प्रत्येक झोत थोडा पुढे उमटतो. विजेचं खरं रूप विज्ञानालाही कॅमेऱ्यानेच उलगडून दाखवलं. फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज या छायाचित्रकाराने 1882 मध्ये विजेचा फोटो घेतला तेव्हा चित्रकार काढत तशी कोनाकोनांची नागमोडी वीज त्यात नव्हती, नदीच्या उपनद्यांसारख्या फांद्या होत्या. पुढे चार्ल्स बॉइज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने फिरत्या लेन्सचा कॅमेरा बनवला आणि 1930 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत शॉनलंड या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो वापरून वीज टप्प्याटप्प्याने कशी उतरते ते दाखवलं.

अनेक फोटो एकत्र करून एकाच चित्रात दहा विजा दाखवणं योग्य आहे का?

करायला हरकत नाही, लपवायला आहे. ट्रायपॉड न हलवता घेतलेले फोटो लेयर म्हणून ठेवून ब्लेंड मोड लाइटन केला की सगळ्या विजा एकत्र येतात. खाली "40 मिनिटांतले 10 फोटो एकत्र" असं लिहा. दुसऱ्या ठिकाणची वीज आणून एखाद्या गडावर किंवा देवळाच्या कळसावर चिकटवणं मात्र खोटेपणा आहे. अशी चित्रं बातमी म्हणून फिरतात आणि लोक घाबरतात.

दमट हवेत कॅमेरा कसा सांभाळायचा?

एसीच्या खोलीतून एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. पिशवीत बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेला मुरू द्या. लेन्स हूड लावा, एक मऊ कोरडं कापड खिशात ठेवा. घरी आल्यावर सगळं पुसून, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात. आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागायला फार दिवस लागत नाहीत.

कोणाला वीज लागली तर?

त्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका. 108 किंवा 112 ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर छातीवर जोरात, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. विजेने बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू होऊ शकतं. वादळ अजून डोक्यावर असेल तर आधी त्याला गाडीत किंवा घरात हलवा.

फोटोबरोबर काय नोंदवून ठेवावं?

निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ फोनच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवा. जागा, कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला, लेन्स, आणि त्या वेळचं दामिनी आणि रडारचं चित्र स्क्रीनशॉट काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. मग घरी बसून प्रत्येक विजेचं अंतर नकाशावरून काढता येतं आणि एफ/5.6 ला 32 किलोमीटरवरची वीज कशी आली, एफ/8 ला 18 किलोमीटरवरची कशी, हे तुमच्याच फोटोंवरून कळतं. पुढच्या हंगामात सेटिंग तिथूनच सुरू करा.